दोन तंबू कशाला?

चिंचवड, रविवार, ता. ६ एप्रिल १९५८

आज दुपारी दारात टांगा थांबला आणि ह्यांनी त्यातून दोन मोठी गाठोडी उतरवली. अंगणात सोडून पाहिली तर खाकी कापड, दोऱ्या, लोखंडी खुंट्या. लष्कराच्या लिलावातले तंबू.

"मे महिन्यात आपण काश्मीरला जायचं," हे म्हणाले. "पहलगाम म्हणून जागा आहे. नदीकाठी तंबू ठोकून महिनाभर राहायचं. लोक हौसेनं जातात तिथं."

मी तांदूळ निवडत होते. "आणि जायचं कसं?"

"दिल्लीपर्यंत आगगाडी. पुढं विमान. तिथला घाट मोटारनं दोन दिवसांचा आहे, तुला सोसायचा नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला एकदा जेजुरी आणि एकदा मुंबईची राणीची बाग दाखवली. आता एकदम विमान! बॉयलरवरच्या फोरमनची बायको विमानात बसल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

"मंदाला थंडी सोसंल का?" मी विचारलं.

"मंदा नाही यायची. ती आईबरोबर चऱ्होलीला मामांकडं राहील."

सहा वर्षांची पोर महिनाभर आईवाचून राहणार, हे कधी ठरलं? मला कुणी विचारलं? मी दुसराच प्रश्न केला, "दोन तंबू कशाला?"

"एक सामानाला," हे म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडं न बघता दोरीची गाठ सोडवत राहिले. ती गाठ सुटलेलीच होती.

ही वही ह्यांनीच कारखान्यातून आणून दिली, दिवसभर पडून असतेस तर काही लिहीत जा म्हणून. माझ्या मनात काय चाललंय हे वाचायला तर दिली नसेल? ज्वारीच्या डब्यात ठेवीन.

बुधवार, ता. ९ एप्रिल

कार्तिकात माझं पोट पडलं. मुलगा होता, असं सुईण म्हणाली. तेव्हापासून अंगात जीव नाही. दिवस कलला की कणकण येते, रात्री घामानं चोळी भिजते. बाळंतपणाची कसर आहे, निघून जाईल असं सगळेच म्हणतात. खोकला आहे, पण इथं जिकडंतिकडं कारखान्यांचे पाये खणतायत, त्या धुरळ्यानं सगळं गाव खोकतं.

माघात ह्यांनी मला पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढवला. कारखान्यातल्या सगळ्यांच्या घरच्या माणसांचे काढायचा हुकूम आहे म्हणाले. आज शेजारच्या अंबूबाईला सहज विचारलं. तिचा नवरा चिमाजी ह्यांच्याच खात्यात आहे.

"कसला फोटू? आमाला न्हाई बाई कुनी बोलावलं," ती म्हणाली.

म्हणजे हुकूम वगैरे काही नव्हता. मग त्या डॉक्टरनं फोटोत पाहिलं तरी काय? मला पुन्हा मूल होणार की नाही, हेच ना?

रविवार, ता. १३ एप्रिल

विमानात माणशी चव्वेचाळीस रत्तल सामान नेता येतं. ह्यांनी वाण्याकडून काटा मागून आणला, तो आढ्याच्या कडीला टांगला आणि दिवसभर वजनं केली. तंबू, वळकट्या, कंदील, स्टो. खुंट्याच फार जड भरल्या. लोखंडी काढून टाकल्या, चिमाजीनं बाभळीच्या तासून दिल्या. एरवी मला गंमत वाटली असती.

मग पिशवीतून एक चिनीमातीचा मुलामा दिलेलं ताट निघालं, एक पेला, एक झाकणाचा मग. प्रत्येकाला बुडाशी लाल रंगाचा ठिपका. "हे तुझं. आजपासून ह्यातच जेवत जा, म्हणजे सवय होईल."

"ताटाची सवय करावी लागते होय?" मी म्हटलं. हे हसले नाहीत.

संध्याकाळी पाहिलं तर सासूबाई माझं ताट वेगळं काढून कढत पाण्यात उकळत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, माझंच ताट वेगळं का?"

"रंग सुटला तर दुसऱ्या भांड्यास्नी लागंल म्हून," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. धूर नव्हता. चूल विझलेली होती.

गुरुवार, ता. १७ एप्रिल

ह्यांची फटफटी आठ दिवस घरी नाही. दुरुस्तीला टाकलीय म्हणाले. आज मी ओट्यावर बसले होते तर तीच फटफटी समोरून गेली, वर दुसराच माणूस. नंबर मी नीट वाचला. फटफटीवर ह्यांचा किती जीव! रविवारी तिला पुसताना मंदालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. ती विकून माणूस बायकोला हवा खायला नेतो?

बायको आवडती असेल तर नेईलही. पण गेले दोन महिने हे माझ्या शेजारी झोपत नाहीत. उकडतं म्हणून ओसरीवर जातात. माघात कधीपासून उकडायला लागलं?

रविवार, ता. २० एप्रिल

मंदाला आजच नेलं. जायला अजून सोळा दिवस आहेत. सकाळी ती गाडीत बसताना माझ्याकडं धावत आली तर सासूबाईंनी मधेच तिला उचललं. पोरीनं हात पसरले होते. मी उंबऱ्यात उभी राहिले.

आता कायद्यानं दुसरी बायको करता येत नाही. हे मला ठाऊक आहे, पेपरात वाचलंय. पण पहिली नसली तर करता येते.

बुधवार, ता. २३ एप्रिल

कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सकाळी येऊन मला ताकदीची सुई देतो. वर त्या पांढऱ्या पुड्या, गिळताना घशाशी येतात. घेते.

आज राख टाकायला उकिरड्यावर गेले. पाचोळ्याखाली लिंबं दिसली. मोजली, नऊ होती. प्रत्येकाला बारीक बारीक भोकं पाडलेली, काही आत पाणी भरल्यासारखी फुगलेली. अंबूबाईला बोलावून दाखवलं. ती लांबूनच म्हणाली, "हात लावू नगंस. करनी हाय ही."

"कुणी केली असंल?"

"ज्येच्या घरात घावली त्येनं."

माझ्या सासूबाई असं करतील हे पटत नाही. पण त्यांना नातू हवा होता हेही तितकंच खरं. संध्याकाळी ह्यांच्या पिशवीत आणखी सहा लिंबं दिसली. मी पिशवीचं तोंड तसंच बांधून ठेवलं.

मंगळवार, ता. २९ एप्रिल

मी मंदाला भेटून आले. कुणाला न सांगता.

हे पहिल्या शिफ्टला गेले तशी निघाले. खडकीपर्यंत गाडी, तिथून आळंदीची एस.टी., आळंदीहून एका कडब्याच्या गाडीवाल्यानं चऱ्होलीच्या वाटेला सोडलं. पुढं चालले. तीनदा बांधावर बसावं लागलं. एकदा तर वाटलं, आता उठणं होत नाही.

मंदा विहिरीपाशी खेळत होती. मला पाहून अशी काही बिलगली! सासूबाई रानात गेल्या होत्या. घरात मामी होत्या, गवराबाई. मला दारात पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी पोरीला मांडीवर घेऊन जेवले. एक घास मला, एक तिला. भाकरीचा पापुद्रा कडक होता, तो तोंडात मऊ करून तिला भरवला, तान्हेपणी भरवायची तसा. दुपारी तिच्या गळ्यात हात टाकून झोपले. किती दिवसांनी झोप लागली.

जागी झाले तर मामी दाराशी उभ्या. "विमल, पोरीला इतकं कवटाळू नगं ग," म्हणाल्या.

"माझ्याच पोरीला?"

त्या रडायलाच लागल्या. रडण्याचं सोंग मला कळतं. हे सगळे मिळून मला तिच्यापासून तोडतायत. मी मंदाच्या कानात सांगितलं, "मी परत येईन. कुणी काहीही सांगितलं तरी मी येईन."

बुधवार, ता. ३० एप्रिल

ह्यांना कळलं. मामांनी माणूस पाठवला असावा. मला वाटलं होतं ओरडतील, पण हे खालीच बसले.

"तू तिला जवळ घेतलंस?" असं तीनदा विचारलं. एखादा खून केल्यासारखं.

मी म्हटलं, "घेतलं. आई आहे मी तिची."

हे उठून बाहेर गेले ते दिवे लागले तरी आले नाहीत. आता मला काही संशय उरला नाही. काश्मीरला जाणार मी. न गेले तर हे काय करू पाहतायत ते कधीच कळायचं नाही.

श्रीनगर, शुक्रवार, ता. ९ मे

दोन रात्री गाडीत गेल्या. सुई ह्यांनी स्वतः दिली. हात जरासुद्धा कापला नाही. कुठं शिकले? विचारलं तर म्हणाले, "शिकलो."

आज दिल्लीहून विमान. तळावर एका मोठ्या काट्यावर आधी सामान चढवलं. अठ्ठ्याऐंशीपेक्षा दोन रत्तल जास्त भरलं, म्हणून ह्यांनी आपले बूट बदलून जड बूट पायात घातले आणि आपलं पांघरूण काढून अंगावर घेतलं. माझ्या वळकटीला हात लावला नाही. कारकुनानं स्टो हुंगून पाहिला, रॉकेलचा वास येतो म्हणाला. तो बाहेर नेऊन ओतून, पुसून आणावा लागला. मग औषधांचा डबा उघडला. त्यातली स्पिरिटची बाटली त्यानं ठेवून घेतली.

मग मलाही काट्यावर उभं केलं. "सत्त्याहत्तर," कारकून म्हणाला आणि त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. लग्नात मी शंभराच्या वर होते.

ह्यांनी खिशातून एक इंग्रजी चिठ्ठी काढून दिली. कारकुनानं ती साहेबाकडं नेली. साहेब आला, माझ्याकडं पाहिलं, ह्यांच्याशी हळू आवाजात बोलला. मला जेवढं इंग्रजी येतं त्यात एकच शब्द कळला, 'वाइफ'. शेवटी आम्हाला अगदी मागच्या रांगेत बसवलं. पुढची रांग मोकळी सोडली. विमान भरलेलं होतं, माणसं उभं राहून जागा बदलून घेत होती, पण ती रांग मोकळीच. मला गुन्हेगारासारखं वाटलं. हे मला कुणाच्या हवाली करायला निघालेत?

विमान उठलं तेव्हा कानात दडे बसले. मी ह्यांचा हात धरला नाही. खाली शेतं टाक्याटाक्यांच्या गोधडीसारखी दिसली, मग डोंगर आले, त्यांच्यावर बर्फ, इतकं जवळ की हात लावावा. मी काचेला कपाळ टेकवून पाहत राहिले. वळून पाहिलं तर हे बर्फाकडं नाही, माझ्याकडं बघत होते. डोळे भरलेले. मनात पाप असलं की माणसाचे डोळे असे होत असतील.

पहलगाम, रविवार, ता. ११ मे

जागा सुंदर आहे हे लिहिलंच पाहिजे. नदीचं पाणी दुधासारखं फेसाळत जातं. देवदारांखाली रांगेनं तंबू, मुंबई-दिल्लीची मंडळी, मुलं, घोडी, ग्रामोफोन. राखणदार अहद म्हणून आहे. ह्यांनी त्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगितले. त्यानं मान हलवली आणि आम्हाला त्या गलक्यातून थेट पलीकडे नेलं, चढावर. तिथं फक्त तीन तंबू होते, लांब लांब, प्रत्येकाच्या दारात आरामखुर्ची. हसणं नाही की बोलणं नाही.

ह्यांनी दोन्ही तंबू ठोकले. बाभळीच्या खुंट्या छान बसल्या. संध्याकाळी ह्यांनी आपली वळकटी उचलली आणि दुसऱ्या तंबूत नेऊन टाकली.

"सामानाचा तंबू ना तो?" मी विचारलं.

"तुला मोकळी हवा मिळावी म्हणून."

बुधवार, ता. १४ मे

ह्यांची रजा संपायला चार आठवडे आहेत. काल हे अहदशी बोलत होते ते मी ऐकलं, "बीबी सप्टेंबर तक रहेंगी." बीबी म्हणजे मी. हे नाहीत!

तर असा बेत आहे. एवढ्या लांब आणून सोडायचं. काश्मीरला परवान्याशिवाय येताही येत नाही, जाताही येत नाही. भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही. गावाला सांगतील, तिला तिथंच आवडलं. नाहीतर आणखी काही सांगतील.

हे दूध आणायला गेले तेव्हा मी ह्यांच्या कोटातून दोघांचे परवाने आणि परतीची तिकिटं काढून घेतली. उशीच्या खोळीत घालून शिवून टाकली. आता पाहू कसे जातात.

शुक्रवार, ता. १६ मे

शेजारच्या तंबूत दिल्लीच्या एक मास्तरीणबाई आहेत, एकट्याच, पन्नाशीच्या. आज हे बाजारात गेल्यावर त्या दहा पावलांवर आपली खुर्ची आणून बसल्या. जवळ आल्या नाहीत.

"आपको कितने महीने हो गए?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" मी मराठीतच म्हटलं, मग म्हटलं, "किस बात को?"

"मुझे तो चौदह महीने हुए. सुई अब हफ्ते में दो बार." त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं. त्याच पांढऱ्या पुड्या. तसाच झाकणाचा मग. मी नुसती बघत राहिले. त्यांचा चेहरा पालटला. "तुम्हें बताया नहीं किसी ने?"

"क्या?"

त्यांनी पुड्या पिशवीत परत ठेवल्या. मग म्हणाल्या, "बेटी, इस तरफ के सब तंबू टी. बी. वालों के हैं."

एवढं ऐकल्यावर मला सगळ्यात आधी काय दिसलं? बर्फ नाही, मरण नाही. भाकरीचा तो पापुद्रा दिसला.

शनिवार, ता. १७ मे

काल हे दुधाची किटली घेऊन चढ चढून आले तेव्हा मी उभीच होते.

"मला क्षय झालाय?"

किटली खाली ठेवायलाही ह्यांना सुचेना. "कुणी सांगितलं?"

"झालाय की नाही?"

"झालाय," हे म्हणाले. "डाव्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, तिला कळू देऊ नका, हाय खाईल. दवाखान्यात जागा नव्हती, सहा महिने थांबा म्हणाले. हॉटेलात कुणी खोकणारं माणूस घेत नाही. मग एकानं सांगितलं, आपला तंबू घेऊन जा, तिथं हवा चांगली आहे, राहू देतात. गावात कळलं असतं तर अंबूबाईसुद्धा दारात उभी राहिली नसती, विमल. म्हणून सहल म्हटलं."

"आणि लिंबं?"

ह्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "इथं रोज सुई कोण देणार? कंपाउंडरनं लिंबात सुई टोचायला लावून माझा हात बसवून घेतला."

मला हसू आलं आणि मग इतका राग आला की तसा जन्मात आला नव्हता. "मी मंदाला माझ्या तोंडातला घास दिला," मी म्हटलं. "माझ्या तोंडात मऊ करून. तिच्या तोंडाला तोंड लावून दुपारभर झोपले. तुम्ही तिला हिरावून नेताय असं वाटलं म्हणून चोरून गेले. मला सांगितलं असतं तर मी तिच्या वाऱ्याला उभी राहिले नसते हो! तिची आई आहे मी, मला तेवढं कळलं नसतं?"

घासाचं ह्यांना माहीत नव्हतं. मांडीवर घेतलं एवढंच मामींनी सांगितलं होतं. हे खाली दगडावर बसले.

मी उशी उसवून परवाने समोर टाकले. "उठा. तार करा. आधी तिचा फोटो काढायला सांगा."

आज सकाळी चिमाजीला तार गेली. मजकूर मी मास्तरीणबाईंकडून वाचून घेतला, मगच पाठवू दिली.

सोमवार, ता. १९ मे

तार नाही.

मंगळवार, ता. २० मे

नाही. हे नदीकाठी बसून असतात. मी बोलत नाही. सुई घेते, पुड्या घेते. दूध दोन पेले प्यायले. मरायची आता मला सवड नाही.

शुक्रवार, ता. २३ मे

तार आली. 'मंदा फोटो क्लिअर. चिमाजी.' हे धावत वर आले, रडत होते.

मी कागद हातात घेतला आणि मला काहीच वाटेना. हेच हात गेले तीन महिने मला खोटं देत आले. चिमाजी ह्यांचा दोस्त, हे सांगतील तसं तो लिहील. मी शाल घेतली आणि चढ उतरून तारघरात गेले. चारदा बसले. तारमास्तरला विचारलं, ही खरोखर पुण्याहून आली का? त्यानं तारेची पट्टी काढून तिच्यावरचं पुण्याचं नाव दाखवलं. हे मागं उभे होते. मी विश्वास ठेवत नाही हे सगळ्यांसमोर कळलं ह्यांना. परत येताना म्हणाले, "आईला पत्र टाकतो. डॉक्टरचा कागद मागवतो. तू स्वतः वाच."

मंगळवार, ता. ३ जून

पत्र आलं. चऱ्होलीच्या गुरुजींनी सासूबाई सांगतील तसं उतरवलंय. त्यांचा आवाजच कानात आला.

"सूनबाईस, म्यां सोता पोरीला पुन्याला न्येली. आगगाडीत बसायचं मला भ्या वाटतं, तरी ग्येले. तितं आंधाऱ्या खोलीत पोरीला यकलीला हुबी केली. रडली न्हाई. मला म्हनली, आई बी आलती का हितं? म्यां म्हनले, व्हय. डाक्टर म्हनला, छाती साप हाय, पर तीन म्हैन्यांनी परत आना. आनीन. तुज्या ताटाचं म्यां खोटं बोलले. रोज उकळताना जीव तुटायचा. करनी म्यां केली आसं तुला वाटलं, ह्ये अंबूनं सांगितलं. वाटनारच. तू बरी हून ये, मंग मला काय बोलायचं त्ये बोल."

सोबत डॉक्टरचा कागद. मास्तरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा मी ऐकलं. दुसऱ्यांदा रडले, पोटभर. हे दहा पावलांवर उभे होते. तिथून जवळ येता येत नाही, ते आता मलाही माहीत आहे.

रविवार, ता. ८ जून

उद्या हे जाणार. रजा संपली. मी सप्टेंबरपर्यंत इथं. मास्तरीणबाई सुई देतील, त्यांचा हात ह्यांच्यापेक्षा हलका आहे. अहदच्या काट्यावर आज एक्क्याऐंशी भरले.

राग सगळा गेला असं लिहिणार नाही. अजून ह्यांचं प्रत्येक वाक्य मी उलटं करून पाहते. आज म्हणाले, तुझा चेहरा भरलाय, तर मी आरसा मागितला. ह्यांनी निमूट आणून दिला. चेहरा थोडा भरलाय खरा.

सोमवार, ता. ९ जून

श्रीनगरच्या मोटारीपर्यंत मी ह्यांना सोडायला गेले. रस्त्याच्या दोन कडांना दोघं.

"मंदाला काय सांगू?" ह्यांनी विचारलं. "आईला डोंगरावर करमतंय, असं सांगू?"

"नाही," मी म्हटलं. "काय झालंय ते नावासकट सांगा. तिला माझ्याजवळ का येऊ देत नव्हता, तेही सांगा."

"एवढ्या पोरीला?"

"एवढ्याच पोरीला. म्हणून दाखवा बघू. इथं, माझ्यासमोर."

ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं. घोडेवाले उभे होते, मुंबईची माणसं टपावर सामान चढवत होती. "मंदा, तुझ्या आईला," एवढं म्हणून हे थांबले. घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दाशी अडले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. हे आत जाऊन खिडकीशी बसले, आणि मोटार हलल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"मंदा, तुझ्या आईला क्षय झालाय," हे मोठ्यानं म्हणाले. टपावरून उतरणारा माणूस वळून बघायला लागला, तरी थांबले नाहीत. "ती औषध घेतीय. ती येणार आहे."

मोटार वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. हे वाक्य मी उलटं करून पाहिलं नाही.